वाचकांचे प्रश्न : खांद्याची फाटलेली कंडरा आणि शेजारचे मज्जातंतू

खांद्याच्या दुखण्याविषयी आलेल्या पत्रांत ‘नस’ हा शब्द वारंवार येतो. कुणाची नस दबली आहे, कुणाची आखडली आहे, तर कुणाला एमआरआयचा अहवाल पाहून नस फाटल्याचे सांगण्यात आले आहे. बोलीभाषेत आपण रक्तवाहिनीला नस म्हणतो, स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या चिवट पांढऱ्या पट्ट्याला नस म्हणतो आणि मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत पोहोचवणाऱ्या तंतूलाही नसच म्हणतो. एरवी याने काही अडत नाही. खांद्याच्या बाबतीत मात्र फार अडते, कारण पट्टा फाटला असेल तर उपचार वेगळे आणि तंतू दुखावला असेल तर वेगळे. किती दिवस थांबायचे याचा हिशेबही दोन्हींत निराळा आहे. म्हणून पुढील उत्तरांत पट्ट्याला ‘कंडरा’ आणि तंतूला ‘मज्जातंतू’ असेच म्हटले आहे.

प्रश्न : माझे वय ६१ आहे. दीड वर्षापासून उजवा खांदा दुखतो, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही आणि आता हात खांद्याच्या वर जात नाही. एमआरआयमध्ये दोन कंडरा पूर्ण फाटून आत सरकल्याचे दिसले. शस्त्रक्रिया ठरली आहे. परंतु त्याआधी डॉक्टरांनी ईएमजी ही तपासणी करून घ्यायला सांगितली आहे. फाटली आहे ती कंडरा, मग मज्जातंतूची तपासणी कशासाठी? माझा मज्जातंतूही फाटला असेल का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. कंडरा झिजून फाटल्यामुळे मज्जातंतू फाटत नाही. तो ताणला जाऊ शकतो, आणि आपल्या डॉक्टरांना नेमके तेच पाहायचे आहे.

खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीला टेकलेला मोठा चेंडू. तो चेंडू बशीवर धरून ठेवण्याचे काम चार स्नायूंच्या कंडरा करतात आणि त्या मिळून जे आवरण तयार होते त्याला रोटेटर कफ म्हणतात. त्यांपैकी वरचा सुप्रास्पायनेटस आणि मागचा इन्फ्रास्पायनेटस हे दोन सर्वांत जास्त फाटणारे, आणि या दोघांनाही हुकूम पोहोचवणारा मज्जातंतू एकच आहे. त्याचे नाव सुप्रास्कॅप्युलर. मानेतून निघालेला हा तंतू खवाट्याच्या, म्हणजे पाठीवरच्या त्रिकोणी सपाट हाडाच्या, वरच्या कडेला असलेल्या एका खाचेतून आत शिरतो. या खाचेवर अस्थिबंधाचे छप्पर असते. तंतू त्या छपराखालून जातो, तर त्याच्या सोबतची रक्तवाहिनी बहुधा छपरावरून जाते. आत शिरताच तो सुप्रास्पायनेटसला फांद्या देतो, खांद्याच्या सांध्याकडे संवेदनेच्या फांद्या पाठवतो, मग खवाट्यावरच्या उंच कण्याला वळसा घालून दुसऱ्या खाचेतून खाली उतरतो आणि इन्फ्रास्पायनेटसमध्ये संपतो. थोडक्यात, काही सेंटिमीटरच्या वाटेत त्याला दोन अरुंद जागा आणि दोन वळणे पार करावी लागतात, आणि त्या दोन्ही ठिकाणी त्याला इकडेतिकडे हलायला फारशी मोकळीक नसते.

कंडरा दंडाच्या हाडापासून सुटली की तिला ओढणारा स्नायू आखडतो आणि पाठीच्या कण्याच्या दिशेने आत सरकतो. मज्जातंतूची फांदी त्या स्नायूत रुतलेली असल्यामुळे तीही त्याच्याबरोबर ओढली जाते. मूळ तंतू मात्र खाचेत अडकलेला असतो. परिणामी फांदी आणि तंतू यांच्यातला कोन आवळत जातो. मृतदेहांवर केलेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंडरा जितकी आत सरकवली तितका हा कोन तीव्र होत गेल्याचे आढळले. याची उलट बाजूही शल्यचिकित्सकांना ठाऊक असावी लागते. आत गेलेली कंडरा दुरुस्तीच्या वेळी पुन्हा बाहेर ओढून आणताना तोच तंतू दुसऱ्या दिशेने ताणला जातो, आणि १९९२ सालच्या अशाच एका अभ्यासाने हे दोन स्नायू बाहेरच्या दिशेला फार तर ३ सेंटिमीटर सरकवावेत, अशी मर्यादा सुचवली होती.

मोठ्या फाटीत मज्जातंतूला इजा किती वेळा होते याबद्दल संशोधकांत एकमत नाही. काहींना ती बऱ्याच रुग्णांत आढळली, तर काहींनी ओळीने सर्व रुग्ण तपासले तेव्हा ती अगदी क्वचित दिसली. म्हणून कंडरा फाटलेल्या प्रत्येकाने ईएमजी करून घ्यावी असे मी म्हणणार नाही. पण आपली परिस्थिती वेगळी आहे. दोन कंडरा फाटल्या आहेत, त्या आत सरकल्या आहेत आणि दीड वर्ष लोटले आहे. अशा खांद्यात एमआरआय बहुतेक वेळा स्नायूत चरबी शिरल्याचे दाखवतो. १९९४ साली फ्रान्समधील गुतालिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चरबीचे शून्यापासून चारपर्यंत टप्पे ठरवून दिले, आणि दुरुस्त केलेली कंडरा टिकेल की नाही याचा अंदाज आजही त्यावरून बांधला जातो. अडचण अशी की, दोर तुटल्यामुळे रिकामा बसलेला स्नायूही चरबीने भरतो आणि हुकूम न पोहोचल्यामुळे सुकलेला स्नायूही चरबीनेच भरतो. चित्रावरून दोहोंतला फरक दर वेळी सांगता येत नाही. तो ईएमजी सांगते.

या तपासणीची भीती बाळगू नका. अतिशय बारीक सुई स्नायूत घालतात आणि स्नायूतील विद्युत हालचाल पडद्यावर पाहतात व ध्वनिक्षेपकातून ऐकतात. निरोगी स्नायू सैल सोडला की गप्प असतो. ज्या स्नायूचा मज्जातंतूशी संबंध तुटला आहे तो मात्र सैल सोडल्यावरही स्वस्थ बसत नाही. पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसा टपटप आवाज त्यातून येत राहतो. हा आवाज एकदा ऐकला की विसरता येत नाही. सुई टोचताना दुखते हे खरे, पण ते दुखणे थोडा वेळच असते.

तपासणीत दोष निघाला तरी घाबरून जाण्याचे कारण नाही. कंडरा जागच्या जागी बांधली की तंतूवरचा ताण उतरतो आणि वेगळे काही न करताही तो सावरल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. म्हणूनच खाचेवरचे छप्पर कापून तंतू मोकळा करण्याची जोडशस्त्रक्रिया सरसकट करू नये, असे माझे मत आहे. तिचा विचार निवडक रुग्णांतच व्हावा. ईएमजीचा खरा उपयोग असा की, शस्त्रक्रियेनंतर ताकद कधी येईल याचा अंदाज आपल्याला आधीच मिळतो. मज्जातंतूचे आतले धागे तुटले असतील तर ते दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतात. सहाव्या महिन्यात हात अशक्त वाटला तर टाके उसवले की तंतू अजून वाटेत आहे, हा प्रश्न त्या वेळी पडण्यापेक्षा त्याची तयारी आज झालेली बरी.

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची आहे. ती घसरून पडली आणि तिचा खांदा निखळला. त्याच दिवशी तो बसवला. आता चार आठवडे झाले, पण हात बाजूला उचलताच येत नाही. दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा आहे. ‘नस दुखावली आहे, वेळ लागेल, थांबा’ असे सांगितले आहे. किती थांबावे?

उत्तर : या महिन्याच्या पत्रांपैकी आपले पत्र मला सर्वांत निकडीचे वाटले. आपल्याला मिळालेला सल्ला अर्धा बरोबर आहे, आणि धोका उरलेल्या अर्ध्यात आहे.

खांदा पुढच्या बाजूला निखळतो तेव्हा चेंडूच्या खालून वळसा घालणारा अ‍ॅक्झिलरी मज्जातंतू ताणला जातो. तो खांद्याला गोलाई देणाऱ्या डेल्टॉइड स्नायूला आणि रोटेटर कफमधील टेरिस मायनर या छोट्या स्नायूला हुकूम देतो. दंडाच्या वरच्या भागात बाहेरून तळहाताएवढ्या त्वचेची संवेदनाही त्याच्याकडे असते. आईंना तिथे बधिरपणा आहे, म्हणजे या तंतूला धक्का बसला असण्याची शक्यता बरीच आहे. तो बहुतेक वेळा ताणलेला असतो, तुटलेला नसतो, आणि बऱ्याच रुग्णांत काही महिन्यांत सावरतो. ‘थांबा’ हा सल्ला इथवर योग्य आहे.

पण चाळिशीनंतर खांदा निखळला तर त्याच धक्क्याने कंडराही फाटू शकते, आणि वय वाढत जाते तशी ही शक्यताही वाढत जाते. निखळणे, कंडरा फाटणे आणि मज्जातंतू दुखावणे या तिन्ही गोष्टी एकाच पडण्यात घडलेले रुग्ण दुर्मीळ नाहीत. हात न उचलण्याचे एक कारण हाती लागले की दुसरे शोधायचे राहून जाते. माझ्या उमेदवारीच्या काळातील एक आजी मला आजही आठवतात. त्यांच्याही दंडावर असाच बधिर पट्टा होता आणि आम्ही सर्वांनी सगळा दोष मज्जातंतूवर टाकला. तीन महिन्यांनी बधिरपणा गेला, डेल्टॉइड बोटांखाली टणक लागू लागला, आम्हांला समाधान वाटले. पण हात काही वर येईना. तेव्हा सोनोग्राफी केली. सुप्रास्पायनेटस आणि इन्फ्रास्पायनेटस दोन्ही सुटून आत गेले होते आणि जी दुरुस्ती पहिल्या काही आठवड्यांत सोपी झाली असती ती अवघड होऊन बसली होती. त्या आजींचा हात पुढेही पूर्णपणे वर गेला नाही. त्यानंतर निखळलेला खांदा बसवल्यावर दोन-तीन आठवड्यांत हात उचलता आला नाही, तर कंडरेचे चित्र पाहिल्याशिवाय मी कुणालाही ‘थांबा’ म्हटलेले नाही.

तेव्हा आईंची सोनोग्राफी किंवा एमआरआय याच आठवड्यात करून घ्यावी. सोनोग्राफी करणाऱ्याचा हात खांद्यावर बसलेला असेल तर कंडरेची पूर्ण फाट तीतही चांगली दिसते. ईएमजीसाठीही आता योग्य वेळ आहे. इजा झाल्यापासून तीन आठवड्यांच्या आत केली तर ती फसवी निघू शकते, कारण स्नायूत ते बदल उमटायलाच तेवढा काळ लागतो. तपासणीला जाताना डॉक्टरांना एक गोष्ट मुद्दाम करून पाहायला सांगा. आईंनी कोपर बाहेर ढकलण्याचा प्रयत्न करावा आणि डॉक्टरांनी त्या वेळी डेल्टॉइडवर बोटे ठेवावीत. हात हलला नाही तरी स्नायू बोटांखाली आवळलेला जाणवला, तर हुकूम पोहोचत आहे आणि दोष बहुधा कंडरेत आहे. मात्र केवळ बधिरपणावर विसंबू नये. त्वचेची संवेदना शाबूत असूनही डेल्टॉइडचा तंतू दुखावलेला असू शकतो.

कंडरा शाबूत निघाली तर निश्चिंतपणे थांबा, फिजिओथेरपिस्टच्या मदतीने सांधा आखडू देऊ नका आणि तीन महिन्यांनी ईएमजी पुन्हा करा. तीन ते सहा महिन्यांत सुधारणेची कोणतीच खूण दिसली नाही, तर मज्जातंतूंवर शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांचे मत घेण्यास उशीर करू नये. स्नायू हुकुमाची वाट अनंत काळ पाहत नाही.

प्रश्न : मी २६ वर्षांचा असून दहा वर्षे व्हॉलीबॉल खेळतो. खांदा अजिबात दुखत नाही, पण उजव्या खवाट्यावर मागच्या बाजूला खळगा पडल्याचे मित्रांच्या लक्षात आले. एमआरआयमध्ये कंडरा उत्तम आहे. मग स्नायू का सुकला?

उत्तर : पहिल्या उत्तरात सुप्रास्कॅप्युलर तंतूची दुसरी खाच सांगितली आहे. तुमचा अडथळा बहुधा तिथे आहे. तिथपर्यंत पोहोचताना तंतूने सुप्रास्पायनेटसच्या आणि सांध्याच्या संवेदनेच्या बहुतेक फांद्या देऊन टाकलेल्या असतात. म्हणून तिथे तो दबला तर वेदना फारशी होत नाही आणि सुकतो तो फक्त इन्फ्रास्पायनेटस. सर्व्हिस आणि स्मॅश करताना हात डोक्यावरून झपाट्याने पुढे येतो आणि त्याला आवरताना हा स्नायू व त्याचा तंतू वर्षानुवर्षे ताणला जातो. व्हॉलीबॉल खेळाडूंमध्ये हा खळगा चांगला परिचित आहे, आणि त्यांच्यापैकी अनेक जण तो असूनही वरच्या पातळीवर खेळत असतात.

तरीही एमआरआयची चित्रे पुन्हा एकदा बघून घ्यावीत. सांध्याच्या बशीभोवती कूर्चेसारखी एक कड असते. ती मागून चिरली असेल तर सांध्यातले वंगण त्या चिरेतून बाहेर झिरपून गाठ होते आणि ती नेमकी त्या खाचेत तंतूवर बसते. कंडरा पाहण्याच्या नादात ही गाठ अहवालातून निसटू शकते. गाठ असेल आणि स्नायू दुबळा होत असेल तर ती काढणे व कड शिवणे हा उत्तम मार्ग आहे. नुसती सुईने रिकामी केलेली गाठ पुन्हा भरू शकते. गाठ नसेल तर सर्व्हिसचा मारा काही काळ कमी करावा आणि हात बाहेर वळवण्याचे व खवाटा स्थिर ठेवण्याचे व्यायाम नेटाने करावेत.

प्रश्न : माझे वय ४७ आहे. मानेपासून खांद्यात आणि तिथून अंगठ्यापर्यंत दुखते. खांद्याच्या एमआरआयमध्ये कंडरा अर्धवट फाटल्याचे आणि मानेच्या एमआरआयमध्ये चकती सरकल्याचे निघाले. एक डॉक्टर खांद्याचे ऑपरेशन सुचवतात, दुसरे मानेचे. मी कुणाचे ऐकू?

उत्तर : सध्या दोघांचेही ऑपरेशन लांबणीवर टाका. चाळिशीनंतर मानेची चकती थोडी सरकलेली असणे आणि खांद्याची कंडरा अर्धवट झिजलेली असणे या दोन्ही गोष्टी काहीही न दुखणाऱ्या माणसांतही सापडतात. दोन्ही अहवाल खरे असतील; तरी त्यांतला आपल्या दुखण्याला जबाबदार कोणता, हे अहवाल सांगत नाही. ते आपल्या तक्रारीत आणि तपासणीत सापडते.

कंडरेचे दुखणे दंडाच्या बाहेरच्या बाजूला जाणवते आणि सहसा कोपराच्या खाली उतरत नाही. हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यात ते चमकते आणि रात्री त्या कुशीवर वळले की जागे करते. मानेत मज्जातंतूचे मूळ दबले असेल तर दुखणे मान मागे नेऊन त्या बाजूला झुकवल्यावर वाढते, मुंग्या घेऊन बोटांपर्यंत जाते, आणि अनेकांना दुखरा हात डोक्यावर ठेवला की बरे वाटते. ही शेवटची खूण मला फार उपयोगी वाटते, कारण कंडरेच्या रुग्णाला हात डोक्यावर नेणे हेच संकट असते. आपण पत्रात अंगठ्याचा उल्लेख केला आहे; अंगठ्याकडे जाणारी संवेदना मानेच्या सहाव्या मुळाची असल्यामुळे माझा कल मानेकडे झुकतो. डॉक्टरांनी कोपर दुमडण्याची ताकद आणि कोपराच्या खळगीतला हातोडीचा प्रतिसाद पाहिला का, हे आठवा. मानेचे मूळ दबल्यावर हे दोन्ही मंदावू शकतात. नुसती कंडरा फाटल्याने तो प्रतिसाद जात नाही.

तरीही शंका उरली तर खांद्याच्या माथ्यावरच्या हाडाखाली बधिर करणाऱ्या औषधाचे इंजेक्शन देऊन पाहता येते. काही मिनिटांत दुखणे बऱ्यापैकी थांबले तर त्यातला मोठा वाटा खांद्याचा आहे. तसेच, दुखणे थांबल्यावर ताकद परत आली तर अशक्तपणा वेदनेमुळे होता. दुखणे थांबूनही हात दुबळाच राहिला तर कंडरा किंवा मज्जातंतू यांतले काहीतरी खरोखर बिघडले आहे.

आणखी एक शक्यता आपल्या पत्रात नसली तरी नोंदवून ठेवतो, कारण तिच्यात अनेकांची चुकीची शस्त्रक्रिया होऊ शकते. खांद्यात अचानक, बहुधा रात्री, असह्य वेदना सुरू झाली, ती काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी ओसरली आणि ओसरताना हात लुळा पडला, तर तो मज्जातंतूंचा दाह असू शकतो. १९४८ साली पार्सोनेज आणि टर्नर यांनी याचे सविस्तर वर्णन केले. यातही सुप्रास्कॅप्युलर तंतू वारंवार सापडतो आणि एमआरआयमध्ये जोडीला वयोमानाची एखादी छोटी फाट दिसली की सगळे लक्ष तिच्याकडे जाते. वेदना आणि अशक्तपणा यांचा क्रम तारखांसकट सांगितला तर डॉक्टरांना हा आजार ओळखता येतो.

प्रश्न : कंडरेची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होऊन तीन आठवडे झाले. खांदा ठीक आहे, पण करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर आहे. ऑपरेशनमध्ये मज्जातंतू कापला गेला असेल का?

उत्तर : तशी शक्यता फार कमी आहे. करंगळीची संवेदना नेणारा तंतू कोपराच्या आतल्या उंचवट्यामागून जातो. आपण मेजाच्या कडेवर कोपर आपटतो तेव्हा झिणझिण्या येतात, त्या याच तंतूच्या. स्लिंगमध्ये कोपर तीन आठवडे दुमडलेले राहिले की तो तिथे ताणला जातो, आणि स्लिंगची कड किंवा उशी त्यावर टेकत असेल तर दबतोही. शस्त्रक्रियेच्या वेळी मानेजवळ दिलेल्या भुलीमुळे आलेला बधिरपणा बहुधा एका दिवसात उतरतो, त्यामुळे तीन आठवड्यांनंतर पहिला संशय स्लिंगवरच घ्यावा.

शल्यचिकित्सकांना विचारून दिवसातून अनेकदा स्लिंग सोडावे आणि दंड अंगालगत ठेवून फक्त कोपर हळूहळू सरळ करावे. विचारायचे एवढ्यासाठी की, त्याच वेळी बायसेप्सची कंडराही शिवली असेल तर कोपराच्या हालचालीवर वेगळी बंधने असतात. बोटांची उघडझाप चालू ठेवावी आणि झोपताना कोपराखाली टणक काही ठेवू नये. बहुतेकांचा बधिरपणा यानेच ओसरत जातो. मात्र मूठ कमकुवत होत असेल, बोटे एकमेकांपासून फाकवता येत नसतील, किंवा पंजा सुजून त्याचा रंग बदलला असेल आणि तिथे सतत आग होत असेल, तर पुढच्या भेटीच्या तारखेची वाट न पाहता दवाखान्यात दाखवून यावे.